शेडचं बोलणं

नव्या दालनाचा रंग वाळायच्या आतच मुलांनी पहिली पाटी खाली उतरवली.

पाटीवर लिहिलं होतं, 'कारखान्याच्या उभारणीत महिलांच्या कष्टाळू हातांचा मोलाचा वाटा होता.' वाक्य संग्रहालयाच्या संचालकांनी स्वतः लिहिलेलं. ते दारात उभे होते, हात मागे बांधून.

"कोणाचे हात, सर?" वकीलनं विचारलं. "म्हणजे हात एकटेच चालत यायचे का कामाला? वर माणसं नव्हती?"

वकील कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता आणि त्याचा कायद्याशी काडीचा संबंध नव्हता. पण समोरच्यानं 'पाणी दे' म्हटलं तरी 'का?' विचारल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे, म्हणून मुलांनी त्याला ते नाव दिलं होतं. खिळ्यांच्या कारखान्यावरचं हे दालन गावातल्या तरुण मुलांनी ठरवायचं, असं वरून आलं होतं. वरच्यांना वाटलं असावं, मुलं भिंतींचे रंग सुचवतील. मुलांनी पाट्याच वाचायला घेतल्या.

सर ताईकडे वळले. "तुम्ही सांगा यांना काहीतरी. जुने लोक येतील, त्यांना बरं वाटलं पाहिजे."

ताई संग्रहालयात मुलांचे कार्यक्रम बघायची. मुलांचं सरांना समजावणं आणि सरांचं मुलांना, या दोन दगडांवर पाय ठेवून तिची नोकरी चालली होती. एरवी तिनं काहीतरी मधलं काढलं असतं. त्या दिवशी ती नुसतं म्हणाली, "मुलांचं बरोबर आहे, सर."

तिची आई त्याच कारखान्यात खिळे निवडायच्या शेडमध्ये जन्मभर होती. ती जाऊन थोडेच महिने झाले होते.

अडचण अशी होती की पाटी काढणं सोपं, तिथे लावायचं काय? कोठारात मालकांची खुर्ची होती, कुठल्याशा प्रदर्शनातलं पदक होतं, मखमलीवर टाचलेले नमुन्याचे खिळे होते, साहेबांच्या टेबलावरची घंटा होती. बायकांचं काहीच नव्हतं. त्यांनी निवडलेले खिळे कुठल्या कुठल्या भिंतींत जाऊन बसले होते. आई असताना, दालनाचं पहिलं बोलणं निघालं तेव्हाच, ताईनं मुलांना शेडच्या बोलण्याबद्दल सांगितलं होतं.

शेडच्या एका अंगाला तार तोडायचं मशीन होतं. ते चालू झालं की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नसे. मग बायका आवाज न काढता बोलायला लागल्या. ओठ मोठे करून निम्मा शब्द, उरलेला निम्मा हातानं. तारेच्या भेंडोळ्यांपलीकडून, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भांडणं चालत, सोयरिकी जुळत, मुकादमाची नक्कल त्याच्या पाठीमागे होई आणि त्याला बिचाऱ्याला पत्ता नसे. घरी आल्यावरही आई खिडकीत उभी राहून समोरच्या घरातल्या मावशीशी तासभर बोलायची आणि खोलीत चमच्याचाही आवाज नसायचा. ताई आणि तिचा भाऊ, दादा, ती भाषा शिकले नाहीत, कारण त्यांना ती शिकवलीच गेली नाही. पोरांना कळू नये असं सगळं त्या भाषेत असे.

"मग तेच ठेवू या!" रडार उठूनच उभी राहिली होती.

रडारला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. ती लोकांचे ओठ वाचायची, आणि काचेपलीकडे उभं राहून कोण कोणाबद्दल काय बोललं ते बिनचूक सांगायची. हे नाव तिनं स्वतःच घेतलं होतं. शाळेत जे म्हणायचे त्यापेक्षा बरं, असं तिचं म्हणणं. तिचा आवाज एका पट्टीत चालायचा, चढउतार नसलेला, पण ती बोलायला लागली की सगळे गप्प होत.

ठरलं असं, की ताईच्या आईला बोलवायचं आणि तिचं बोलणं चित्रित करायचं. आईनं आधी आढेवेढे घेतले, मग केस रंगवायचे ठरवले. "तुमच्या दालनाचा रंग वाळू दे, मग येते. ओल्या रंगाचा वास मला सोसत नाही." रंगवाला आज येतो उद्या येतो करत राहिला. आणि आईची छाती भरली.

आता शेडच्या बोलण्याचं एकच चित्रण जगात होतं, आणि ते ताईच्या फोनमध्ये होतं. दवाखान्यात दादानं काढलेलं.

त्यात आई उशीला टेकलेली आहे. गळ्यात छेद देऊन नळी घातली आहे, नळी बाजूच्या श्वासाच्या मशीनला जोडलेली. आवाज फुटायचा प्रश्नच नाही. पण ओठ हलतात. मोठे, गोल, ताणून. मग थांबतात, आणि सुटा असलेला एक हात मूठ करून गळ्याखालच्या हाडावर आपटतो, मग उघडून समोर येतो. पुन्हा ओठ. पुन्हा मूठ. आईची नजर थेट समोर आहे, आणि समोर ताई आहे. तिचा खांदा तेवढा दिसतो. ती मान डोलावते आहे. हो आई, हो, हो. नंतर नर्सनं तो हातही मऊ पट्टीनं कॉटला बांधला, नळी ओढेल म्हणून.

"माझी लेकरं, असं म्हणतेय ती," दादा म्हणायचा. "बघ ना, छातीवर हात ठेवते आणि मग तो तुझ्याकडे." म्हणायचा आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन करायचा. "काही कळलं का गं?" तो दुसऱ्या गावी बसच्या डेपोत मेकॅनिक होता. त्याच्या फोनमागे नेहमी कुठलं तरी इंजिन धडधडत असे.

ताईनं ते चित्रण इतक्या वेळा बघितलं होतं की ते डोळे मिटूनही दिसायचं. ती आरशासमोर उभी राहून आईसारखे ओठ करून बघायची, म्हणजे आतून शब्द सापडेल. शब्द सापडायचा नाही. आंघोळीला गेली तरी फोन बाहेर ठेवायला जीव धजायचा नाही. माणूस पुढ्यात बसून बोलतं आहे, परत परत तेच बोलतं आहे, आणि आपण मठ्ठासारखी मान डोलावतो आहोत. त्यावर झोप येणार कशी?

शेवटी एका दुपारी कोठारात मालकांच्या खुर्चीशेजारी उभं राहून तिनं तो फोन रडारच्या हातात दिला.

रडारनं बघितलं. पुन्हा बघितलं. एकदा हळू करून बघितलं. मग फोन परत दिला.

"नाही."

"थोडंसं? एखादा शब्द?"

"ताई, मी वाचते ते नुसतं तोंडाचं बोलणं. हे तोंड हातासाठी थांबतंय. शब्द तुटतोय आणि उरलेला हातात जातोय." ती थांबली. "अंदाजानं सांगू शकते. लोक विचारतात तेव्हा सांगते पण, त्यांना आवडेल ते. तुम्हाला नाही सांगणार."

रडार ताईच्या तोंडाकडे बघत थांबली, आणि ते हलत नाही असं दिसल्यावर स्वतःच म्हणाली, "मावशींकडे जाऊ या."

"त्यांच्याकडे आपण जाऊन आलोय. त्यांना दिसत नाही."

"मला ऐकू येत नाही. तरी तुमच्याशी बोलतेच आहे ना?"

मावशी म्हणजे समोरच्या खिडकीतली, शेडमध्ये आईच्या शेजारी बसणारी. मुलं पूर्वी एकदा तिच्याकडे गेली होती तेव्हा तिनं झटकून टाकलं होतं. "बघितल्याशिवाय कसलं बोलणं? डोळे गेले तेव्हाच माझं ते तोंड बंद झालं." डोळ्यांत आता उजेड आणि अंधार एवढंच उरलं होतं. ज्यांना दिसत होतं त्यांना वाचता येत नव्हतं. जिला वाचता येत होतं तिला दिसत नव्हतं.

रडारनं ते चित्रण आपल्या फोनवर मागून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी ते तिघं गेले. वकीलला कोणी बोलावलं नव्हतं. पण मुलांचा प्रतिनिधी म्हणून आपण असलंच पाहिजे असा त्याचा मुद्दा होता, आणि मुद्दा खोडायला ताईच्या अंगात त्राण नव्हतं.

मावशी आता लेकाच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत राहायची. जिन्यात रबराचा आणि वंगणाचा वास. सुनेनं खुर्च्या दिल्या आणि ती खाली गिऱ्हाईक बघायला गेली.

"कोण? तू होय," मावशी ताईचा हात चाचपत म्हणाली. "वाळलीस. बरोबर कोण?"

"मी वकील," वकील म्हणाला.

"अरे देवा. आम्ही काय केलं?"

"नाही, नाही, तसा वकील नाही आजी..."

"मग खोटा का? बस तिकडे." ती रडारच्या दिशेला वळली. "आणि ही गप्प बसलेली?"

ताईनं सांगितलं, तिला ऐकू येत नाही. मावशी मोठ्यानं हसली, पोट धरून. "आंधळी मी आणि बहिरी ही! आणि मध्ये वकील. छान पंचायत भरवलीस."

मग ताईनं आईचं सांगितलं. मावशीचं हसणं ओसरलं. आई शेवटी काय बोलत होती ते कोणालाच कळलं नाही, हे तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. ती तोंडावर हात धरून बसली.

"मला दिसायला हवं होतं गं," ती म्हणाली.

रडार खुर्चीवरून उठली आणि मावशीपुढे जमिनीवर बसली. सकाळपासून आरशासमोर बसून आपण काय केलं ते तिनं ताईला वाटेत सांगितलं होतं, पण ताईला ते नीट उमगलं नव्हतं. रडारनं मावशीचा डावा हात उचलून बोटं आपल्या ओठांवर ठेवली. उजवा हात घेऊन आपल्या मुठीवर ठेवला. आणि सुरू केलं.

ओठ ताणले गेले, गोल झाले, थांबले. मूठ गळ्याखालच्या हाडावर आपटली. उघडून समोर आली.

ताईला भिंतीकडे बघावं लागलं. त्या परक्या, कोवळ्या चेहऱ्यावर आईचं तोंड होतं. खालच्या ओठाचा डावीकडे जाणारा तो किंचितसा वाकडेपणासुद्धा.

मावशीची बोटं स्थिर होती. रडारनं दुसऱ्यांदा केलं. मावशीचा हात एकदम सुटला आणि उजवीकडे गेला. शेजारी कोणी बसलेलं असावं आणि त्याला हलवायचं असावं, तसा. तिथे वकील होता. त्याचा दंड तिनं गच्च धरला.

"आजी?" तो घाबरून म्हणाला.

"सवय," मावशी म्हणाली. तिनं दंड सोडला. खाली कोणीतरी चाकात हवा भरत होतं.

"मावशी, काय म्हणते ती?"

"पोरी, तू चहा घे आधी."

"मावशी."

"मेलेल्या माणसाचं बोलणं कशाला उकरायचं? तिनं भोगलं, सुटली."

"मला कळलं नाही तर मी वेडी होईन," ताई म्हणाली. आवाज चढवून नाही. हवेबद्दल बोलावं तसं म्हणाली. त्यामुळेच असेल, मावशीनं मान खाली घातली.

"कुणाची बाही, कुणाची वेणी मशीनमध्ये गेली की हे करायचं. ओरडून उपयोग नाही, बटण पार दाराशी. ज्या बाईला दिसलं तिनं शेजारणीला द्यायचं, शेजारणीनं तिच्या शेजारणीला. बटणापाशी पोचेपर्यंत. मध्ये कोणी थांबायचं नाही, कोणाचं ते विचारायचं नाही." तिनं स्वतःची मूठ गळ्याखाली आपटली. "मशीन बंद कर. एवढाच त्याचा अर्थ. दुसरा नाही."

रडार मावशीच्या तोंडाकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं.

"ती औषधाच्या गुंगीत होती," ताई म्हणाली. "तिला वाटत असेल आपण शेडमध्ये आहोत."

"असेलही."

"म्हणजे तसंच असेल ना?"

"मला कसं ठाऊक, पोरी? मी तिथे नव्हते." मावशीनं पदर शोधावा तसा मांडीवरचा टॉवेल शोधला आणि डोळे पुसले. "एवढं सांगते, उगाच कोणी ही खूण करत नव्हतं. खोटी केली तर मुकादम त्याच दिवशी घरी पाठवायचा. जीव जातोय असं वाटल्याशिवाय हात वर जायचा नाही." आणि मग, सगळ्यात हळू, "तिच्या समोर कोण होतं?"

"मी होते," ताई म्हणाली.

परतीच्या बसमध्ये वकील पहिल्यांदाच गप्प होता. उतरल्यावर संग्रहालयाच्या फाटकाशी त्याला कंठ फुटला. "ताई, ते चित्रण आम्हाला दालनात नको."

"तुम्हीच ठरवायचं असं ठरलंय. माझ्याकडे बघून ठरवू नका."

"तुमच्याकडे बघून नाही. तुमच्या आईला कॅमेरा चालू आहे हे तरी माहीत होतं का? नव्हतं. झालं तर मग." तो बोटांनी डोळे चोळत म्हणाला, "बाकीच्यांना मी पटवतो. नाहीतर कशाला मला वकील म्हणतात?"

रडार म्हणाली, "मावशी मला शिकवणार आहेत. सगळं. मी परवा जाते." आणि ती सरळ आत निघून गेली.

ताई नव्या दालनात गेली. तिथे अजून काहीच नव्हतं. भिंतीला पाटीचे खिळे होते आणि कोपऱ्यात रंगाचे रिकामे डबे. तिला बसायचं होतं, पण बसलो तर उठता येणार नाही असं वाटत होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"गेली होतीस ना मावशीकडे?" दादा. मागे इंजिन. "काही कळलं?"

"कळलं."

इंजिनाचा आवाज लांब गेला. तो चालत कुठेतरी शांत जागी आला होता. "बोल."

श्वासाचं मशीन लावायचं की नाही, हे डॉक्टरांनी दोघांना विचारलं होतं. ताई म्हणाली होती, तू म्हणशील तसं. दादा म्हणाला होता, शेवटपर्यंत लढायचं.

"विचारत होती," ताई म्हणाली, "जेवलात का."

पलीकडून हसण्यासारखा एक आवाज आला, आणि तो हसण्याचा राहिला नाही. "बघ! मी म्हटलं नव्हतं? गळ्यात नळी, अंगात सुया, आणि बाईला पडलंय आमच्या जेवणाचं! अशी होती बघ ती." त्यानं नाक ओढलं. "चिमे, मला किती दिवस वाटत होतं, आपण उगाच तिला त्या मशीनवर ठेवलं. हालच केले. पण ठेवलं नसतं तर हे तरी कुठून मिळालं असतं? बरंच झालं की नाही?"

"दादा..."

"ऐक ना. हे लावा तुमच्या दालनात. आईचं बोलणं. खाली मोठ्या अक्षरात लिही: मरणाच्या दारातही माउली विचारते, लेकरांनो जेवलात का. मी पोरांना घेऊन येतो उद्घाटनाला. डेपोतल्या सगळ्यांना सांगतो. येतील सगळे."

ताईला ती पाटी दिसली. सरांना ती फार आवडेल. तिच्यापुढे शाळेच्या मुलांची रांग उभी राहील. मूठ गळ्याखाली आपटून, हात पुढे करून ती मुलं एकमेकांना विचारतील, जेवलास का, जेवलास का, आणि हसतील. मावशीला कोणीतरी हाताला धरून आणेल आणि ती पाटी वाचून दाखवेल. मावशी काही बोलणार नाही. ती मान डोलावेल. ज्या खुणेनं एखादीची वेणी सुटली असेल, एखादीची बोटं वाचली असतील, ती खूण त्या दिवसापासून जेवणाची होऊन जाईल. आणि हे सगळं कोणीही वाईट मनानं केलेलं नसेल. आत्ता, इथे, भावावरच्या मायेनं झालेलं असेल.

"दादा, ती जेवणाचं विचारत नव्हती."

"म्हणजे?"

"मी खोटं सांगितलं. ती मशीन बंद कर म्हणत होती."

दादाच्या बाजूला कोणीतरी मोठ्यानं पाना मागत होतं.

"कोणतं मशीन?" दादानं विचारलं. आणि लगेच, घाईनं, "शेडमधलं ना? तिला शेडच दिसत असणार. गुंगीत होती."

"माहीत नाही."

"तसंच असणार, चिमे."

"मला माहीत नाही, दादा. मावशीलाही माहीत नाही."

"मग माहीत नव्हतं तर सांगितलंस कशाला?" तो ओरडला नाही. त्याला खरोखरच उत्तर हवं होतं. ताई उत्तर शोधत राहिली. भिंतीला पाठ टेकली तेव्हा रंग अंगाला लागला, अजून पुरता वाळलेला नव्हता तो.

"सही मी केली होती," दादा म्हणाला.

"दोघांनी ठरवलं होतं."

"सही मी केली, चिमे."

"समोर मी होते."

दादा कुठेतरी खाली बसला असावा, लोखंडावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. तीही बसली, तशीच, रंगलेल्या पाठीनं. बाहेर वकीलचा आवाज चढत होता, तो बाकीच्यांना पटवत होता. फोन दोघांच्या कानाला होता. तो आधी ठेवणं दोघांनाही जमत नव्हतं.